गुंडप्पांचं देणं

दसऱ्याची बन्नी, म्हणजे शमीची पानं, वाटून झाली की आमच्या ऑफिसातली माणसं गुंडप्पांची नजर चुकवायला लागत. ते समोरून येताना दिसले की कुणी फायलीत डोकं घालायचं, कुणी उगाच पाणी प्यायला उठायचं. कारण दिवाळी जवळ आलेली असायची, आणि दिवाळीला गुंडप्पा भेट द्यायचे. भेटीची एवढी धास्ती घेतलेली माणसं मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

त्यांच्या भेटीत वस्तू नसायची. ते स्वतःच यायचे. एखादी दुपार, कधी सबंध दिवस ते तुम्हाला देऊन टाकायचे. तुमच्या घरात काय अडलंय हे वर्षभर बघून ठेवलेलं असायचं, आणि काय द्यायचं ते तुम्हाला न विचारता ठरलेलं असायचं. मग एक दिवस टेबलाशी येऊन, डोक्यावरची काळी टोपी सारखी करत, हळूच सांगायचे, "तुमचं ठरलं बगा यंदाचं." काय ठरलं ते त्या दिवशी कळायचं. तोवर माणसाला झोप नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं आणि गावाचं गुलबर्गा. आमचं ऑफिस पाण्याच्या खात्याचं, म्हणजे नावापुरतं पाणी, बाकी सगळे कागद. जुने कागद उर्दूत, नवे कन्नडात, आणि आम्ही निम्मी माणसं मराठी शाळेतून आलेली. त्यामुळे ऑफिसात एकाच वेळी तीन-चार भाषांमधून चुका होत. गुंडप्पा मात्र घरात कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दखनी असे वाढलेले. उंच, वाळकुडे, कपाळावर भस्माचे पट्टे, पायात टायरच्या तळव्याच्या चपला. त्या चपलांचा आवाज आम्ही ओळखायचो, आणि दिवाळीच्या सुमाराला तर फारच लवकर ओळखायचो.

हेडक्लार्कांना त्यांनी एकदा असा दिवस दिला. हेडक्लार्कांच्या घरी त्यांचे वडील होते, निजामाच्या अमदानीत नोकरी केलेले. म्हातारा दिवसभर तेच तेच किस्से सांगायचा आणि घरातलं कुणी ऐकत नसे. पाडव्याच्या सकाळी गुंडप्पा दारात उभे. म्हणाले, तुम्ही सगळे बाहेर जाऊन या, म्हाताऱ्याचं ऐकायला मी बसतो. आणि खरंच बसले. दिवे लागेपर्यंत बसले. मधेमधे प्रश्न विचारले, विसरलेली नावं आठवून दिली, एका किश्श्यात तर म्हाताऱ्याची चूकही काढली. घरची माणसं परत आली तेव्हा म्हातारा ताठ बसला होता आणि विचारत होता, हे गृहस्थ रोज का येत नाहीत? हेडक्लार्क हे सांगताना हसायचे, पण त्यांना ते थोडं लागलेलंही होतं.

सलीमभाई टायपिस्टांचा सण रमजान ईदचा. त्यांच्या घरात पोरांचा गोंधळ इतका, की घराच्या बाहेरूनच ऐकू यायचा. ईदच्या दुसऱ्या दिवशी गुंडप्पांनी सगळी पोरं गोळा केली, शेजारचीही त्यात आली, आणि ती फौज घेऊन ते तळ्याकाठी गेले. संध्याकाळी पोरं चिखलानं माखून परतली, गुंडप्पांची टोपी त्यातल्या सर्वांत लहानाच्या डोक्यावर होती. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी ऑफिसात सर्वांसमोर जाहीर केलं, "कित्ते सालां के बाद दुपेर को सोये मियां हम." आणि पुढचा महिनाभर गुंडप्पांच्या कागदांचं टाइपिंग आधी झालं.

सगळंच काही साधायचं नाही. म्हैसूरकडून एक साहेब बदलून आले होते. दिवाळीला बाकीच्यांनी त्यांच्या बंगल्यावर फळांच्या करंड्या नेल्या. गुंडप्पा मोकळ्या हातानं गेले आणि म्हणाले, बंगल्याभोवती फार रान माजलंय, आजची सकाळ मी तुमची. साहेबांना वाटलं माणूस बढतीसाठी आलाय, ते पेपर वाचत बसले. गुंडप्पांनी दुपारपर्यंत सगळं रान उपटलं. त्यात साहेबांच्या बाईंनी माहेराहून रोप आणून जपलेला मोगराही उपटला. बाई बाहेर आल्या आणि पायरीवर खालीच बसल्या. त्यापुढचे कित्येक रविवार गुंडप्पा नवा मोगरा लावायला आणि त्याला पाणी घालायला बंगल्यावर जात होते. साहेब म्हणत, आता पुरे. गुंडप्पा म्हणत, अजून कळी न्हाई आली साहेब.

त्यांना उलट काही द्यायला जावं तर पंचाईत. एकदा आम्ही काही जणांनी मिळून त्यांना मिठाईचा डबा नेऊन दिला. त्यांनी डबा फिरवून त्याच्यावरचं दुकानाचं नाव नीट वाचलं आणि परत आमच्या हातात ठेवला. "ह्ये दुकानदारानं दिलं," ते म्हणाले. "तुमी काय दिलाव?" यामुळे ऑफिसात त्यांना चिक्कू समजत. दुसऱ्याला द्यायचं नाही म्हणून स्वतःही घेत नाही, असा हिशेब लोकांनी लावला होता. हेडक्लार्क एकदा मला म्हणाले, "पूर्वी असा नव्हता रे हा. पूर्वी चांगले पेढे आणायचा, रुमाल वाटायचा. मधेच काहीतरी बिघडलं." काय बिघडलं ते त्यांना माहीत नव्हतं. गुंडप्पांच्या घरी कुणी जात नसे आणि ते कुणाला बोलवतही नसत.

माझी गोष्ट जरा वेगळी होती. मी बसवकल्याणचा. आमच्या घरानं मी शाळेत असतानाच बुद्धाचा धम्म घेतला होता, आणि त्याबरोबर दिवाळी, पंचमी, पोळा सगळं सुटलं होतं. पहिल्या वर्षी गुंडप्पा माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी तसं सांगितलं. मनात म्हटलं, सुटलो. ते थोडे विचारात पडले. मग विचारलं, "मंग तुमचा सण कोन्चा?" मी सांगितलं, वैशाखातली पौर्णिमा. ते मान हलवून गेले.

वैशाखात गुलबर्ग्याचं ऊन म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. त्या उन्हात पौर्णिमेच्या दिवशी टायरच्या चपला माझ्या खोलीशी येऊन थांबल्या. माझी आई बसवकल्याणहून आली होती आणि तिनं खीर केली होती. कपाळावरचं भस्म बघून आईचा हात थबकला. वाढावं की न वाढावं तिला कळेना. गुंडप्पांनी ते बघितलं की नाही ठाऊक नाही. मांडी घालून बसले, वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. आई मग दिवसभर त्यांच्याशी बोलत होती. जाताना ते मला म्हणाले, "किसना, तुजं ठरलंय. आजपासून परीक्षा होईपतोर तुज्यासंगं मी मराठी बोलनार न्हाई."

परीक्षा म्हणजे खात्याची कन्नडची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नसे आणि मी तिला सापाइतका भीत होतो. दुसऱ्या दिवसापासून गुंडप्पा सकाळी माझ्या खोलीवरून जायला लागले, आणि ऑफिसपर्यंतची सगळी वाट कन्नडात. मी मराठीत काही विचारलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. एकदा बांधकामाशेजारून जाताना ते मागून "निल्लु, निल्लु" म्हणून ओरडले. मला वाटलं, उशीर झालाय, लवकर चल म्हणतायत. मी पाय उचलला आणि थेट भिजवलेल्या चुन्याच्या खड्ड्यात गेलो. निल्लु म्हणजे थांब, हे त्यानंतर मी कधी विसरलो नाही. पण मला बाहेर ओढतानाही त्यांनी कन्नडच चालू ठेवलं, आणि पाय धुतानाही. परीक्षा पास झालो त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली आणि मराठीत म्हणाले, "हुश्श. मलाच लई जड गेलं की रे."

असेच काही पावसाळे गेले. एका श्रावणात ते माझ्या टेबलाशी आले, तेव्हा दिवाळीला अवकाश होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीची ती ठरवून आल्याची खुशी नव्हती. त्यांनी विचारलं, नागपंचमीच्या आदल्या दिवशी रजा मिळेल का तुला? बाकीची माणसं आपापल्या घरी सणात असतात. तुला पंचमी नाही, म्हणून तुला विचारतोय. मला निर्ण्याला जायचंय, हुमनाबादच्या पुढच्या गावाला. एकट्यानं जायला जमेना.

गुंडप्पांना कुणाची सोबत लागते हेच मला नवीन होतं. मी हो म्हटलं.

आमच्या भागात पंचमी हा लेकींचा सण. भाऊ नाहीतर बाप सासरी जातो आणि लेकीला माहेरी घेऊन येतो. घरोघर लाह्या भाजतात, तिळाचे, शेंगदाण्याचे उंडे वळतात, झाडाला झोका बांधतात. त्या दिवशी हुमनाबादची बस अशा माणसांनीच भरली होती. पिशव्यांतून खोबरं, खण डोकावत होते. गुंडप्पांच्या हातात काहीच नव्हतं. हुमनाबादला उतरून आम्ही पुढच्या बसमध्ये बसलो तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले.

त्यांना एकच लेक होती. महानंदा. तिला निर्ण्याला दिली होती, जावई काशीनाथ, घरची थोडी शेती. लग्नानंतरची पहिली पंचमी आली ती नेमकी ऑफिसातले सगळे कागद कन्नडात आणायची घाई चालू असताना. उर्दू वाचणारा आणि कन्नड लिहिणारा माणूस म्हणजे गुंडप्पा. रजा मागितली असती तर मिळाली असती, ते म्हणाले, पण मी मागितलीच नाही. वाटलं, आपल्यावाचून ऑफिस बंद पडेल. त्याऐवजी त्यांनी गुलबर्ग्यातल्या मोठ्या दुकानातून भारी इरकली लुगडं घेतलं, बांगड्या घेतल्या, मिठाई घेतली, आणि निर्ण्याकडं जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती सगळं पाठवून दिलं. त्या माणसानं परत येऊन तिचा निरोप सांगितला. लुगडं चांगलंय म्हणाली, आणि अप्पा कामून आला न्हाई, म्हणून विचारत होती.

तिला दिवस गेलेले होते. दसऱ्याच्या आधीच ती बाळंतपणात गेली, आणि मूलही गेलं.

"त्या लुगड्याची घडी मोडली न्हवती तिनं," गुंडप्पा म्हणाले. "अप्पा आल्यावर नेसते म्हनून ठिवली होती. त्यातच न्हेलं तिला."

बसमध्ये पुढच्या बाकावर कुणाची तरी लहान मुलगी बापाच्या खांद्यावरून मागं आमच्याकडं बघत होती.

थोड्या वेळानं त्यांनी निर्ण्याला कशाला जायचं ते सांगितलं. काशीनाथनं काही वर्षांनी दुसरं लग्न केलं. त्यात गैर काही नव्हतं, तरणा माणूस. नवी बायको शांता, तिला आई ना बाप, चुलत्यानं वाढवलेली आणि लग्न लावून दिल्यावर हात झटकलेले. गेल्या पंचमीला गल्लीतल्या साऱ्या सुना माहेरी गेल्या आणि ही एकटी गोठ्यामागं जाऊन बसली होती, असं काशीनाथची आई हुमनाबादच्या बाजारात गुंडप्पांना भेटली तेव्हा सहज बोलून गेली. ते ऐकल्यापासून वर्षभर त्यांना चैन नव्हतं. पण महानंदाला ज्या दारातून बाहेर काढलं त्या दारात त्यांनी पुन्हा पाय ठेवला नव्हता. म्हणून मी सोबतीला.

निर्ण्यात त्या घराशी पोचलो तेव्हा गुंडप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले. मी त्यांचा कोपर धरला, तेव्हा त्यांनी पाय आत टाकला. काशीनाथ ओसरीवर होता, तो गडबडीनं उठला आणि घोंगडी झटकायला लागला. त्याची आई बाहेर आली. पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. गुंडप्पा उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरीला पंचमीला न्ह्यायला आलोय."

म्हातारीनं आधी माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं माणसाचं डोकं फिरलं. मग लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "अप्पा, आवो तुमची पोर आता न्हाई की."

"ठाव हाय मला. ही हाय की."

आतल्या दाराशी शांता उभी होती. लहानखुरी, हात कोपरापर्यंत पिठात. हा म्हातारा कोण, हे तिला तोवर कुणी सांगितलंही नव्हतं. गुंडप्पांनी तिला विचारलं, येतेस का बाई, माझ्या घरी? ती सासूकडं बघत राहिली. सासूनं लेकाकडं बघितलं. काशीनाथ घोंगडी तशीच हातात धरून खाली बघत म्हणाला, जाऊ दे की. शांता आत गेली आणि चहा उकळायच्या आत गाठोडं घेऊन बाहेर आली. हात धुवायचे राहून गेले होते, गाठोड्यावर पिठाची बोटं उमटलेली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. एकदा तिनं मला हळू आवाजात विचारलं, तिथं अजून कोण हाय? मी म्हटलं, अक्का आहेत, त्यांची बायको. मग मी गुंडप्पांकडं बघितलं आणि मला शंका आली. त्यांनी अक्कांना सांगितलेलं नव्हतं.

गौरम्मा अक्का दारातच होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. ठेंगण्या, गोऱ्या, केस पार पिकलेले. नवऱ्यामागून एक तरणी पोर आत येताना त्यांनी बघितली. काशीनाथची बायको, एवढंच गुंडप्पा म्हणाले. शांतानं वाकून पाया पडायला हात पुढे केला. तिच्या हातात चांदीचे जाड गोट होते. अक्कांची नजर त्या गोटांवर गेली आणि तिथंच राहिली. ते महानंदाचे होते, लग्नात अक्कांनीच घातलेले. त्या वळल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

गुंडप्पांनी मलाही थांबवून घेतलं. संध्याकाळी शांता अंगणात पाय धूत होती, गुंडप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते आणि मी ओसरीवर. अक्कांचा आवाज चढला नाही. चुलीपुढं बसूनच त्या बोलल्या, पण मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"माज्या पोरीला आनायला पाय न्हवते तुमास्नी. हिला आनायला बरे पाय आले."

गुंडप्पा ओसरीवर येऊन माझ्याशेजारी बसले.

पंचमीच्या दिवशी अक्कांनी सगळं रीतीनं केलं. लाह्या, उंडे, भरल्या पोळ्या. शांताला ताटभर वाढलं, पण माझ्या हातून पाठवलं. त्या तिच्याशी बोलत नव्हत्या. तिच्याविषयी काही सांगायचं झालं तर मला सांगत, तिला म्हणावं तूप घे. शांता खाली मान घालून तूप घ्यायची.

दुपारी गुंडप्पांनी अंगणातल्या लिंबाला झोका बांधला. दोर घट्ट आहे की नाही ते बघायला आधी स्वतः बसले. बसल्यावर जरा पायानं रेटा दिला, आणि गाठ सुटून ते टोपीसकट मातीत. मी धावलो. ते उठायच्या ऐवजी वर फांदीकडं बघून म्हणाले, "बांधली तर नीट होती की." ह्यावर शांता हसली. तोंडाला पदर लावून, मग पदर सुटून, अगदी पोट धरून हसली. आत भांडी घासायचा आवाज चालला होता तो थांबला. मी वळून बघितलं तर अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातल्या भांड्यातून पाणी खाली ठिबकत होतं.

शांता निघायच्या दिवशी पाया पडायला गेली तेव्हा अक्का तांदूळ, नारळ आणि खण घेऊन बाहेर आल्या. ओटी भरताना निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. शांता ते वेचायला वाकली, तर त्यांनी तिला उठवलं. तिच्या तोंडाकडं न बघता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पुडल्या वर्सी येशील तवा दोन दिस आगूदर ये. उंडे वळायला मला येकटीला व्हत न्हाई."

त्यानंतर गुंडप्पा दर पंचमीला निर्ण्याला जाऊ लागले, आता एकटेच. शांता येऊ लागली, मग कडेवर मूल घेऊन येऊ लागली, मग आणखी एक. मुलं गुंडप्पांना अप्पा म्हणायची. अक्का तिच्याशी बोलत, कामापुरतं. तिला नावानं हाक मारलेली मात्र मी कधी ऐकली नाही. ऑफिसात यातलं कुणाला काही कळलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तिथं ते पूर्वीसारखेच दिवाळीला माणसांना नजर चुकवायला लावत राहिले. राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, गुंडप्पा निवृत्त झाले, मी हेडक्लार्क झालो.

एका माघात ते गेले. फार आजारी नव्हते. सकाळी ओसरीवर भस्म लावायला बसले आणि तिथंच कलंडले. निरोप पोचला तशी शांता आली, काशीनाथ आला. शांतानं उंबऱ्यातच अंग टाकलं. बापावर लेकीनं रडावं तसं ती रडली, नात्याचा हिशेब घालत बसलेल्या आयाबायासुद्धा तिला धरायला उठल्या. अक्का रडल्या नाहीत. भिंतीला टेकून तिच्याकडं बघत बसल्या होत्या. दिवस घालून सगळे परत गेले, आणि त्या एकट्या राहिल्या.

श्रावण आला तसं मला वाटायला लागलं की आता शांताची पंचमी सुटणार. मग वाटलं, आपण जावं. आपण तिला आणलं तर चालेल की नाही, हे अक्कांना विचारायला म्हणून मी पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, म्हातारी पहाटेच स्टँडवर गेली. कुठं ते तिनं सांगितलं नाही, पण धुतलेलं लुगडं नेसून गेली.

अक्का आयुष्यात कधी एकट्या बसमध्ये बसल्या नव्हत्या. बसवरच्या पाट्या त्यांना वाचता येत नव्हत्या, कन्नडातल्याही नाही. हुमनाबादला उतरून दुसरी बस धरायची हे त्यांना कुणी सांगितलं असेल का, ह्या काळजीनं मी दुपारीच ऑफिसातून उठलो आणि स्टँडवर जाऊन बसलो. हुमनाबादकडून एक गाडी आली, दुसरी आली. माहेराला आलेल्या लेकी उतरत होत्या, त्यांना घ्यायला आलेली माणसं गाठोडी उचलत होती. उन्हं कलायला लागली तेव्हा आणखी एक गाडी आली, आणि तिच्या दारात मला अक्का दिसल्या. लुगडं धुळीनं भरलेलं, कडेवर शांताचं धाकटं. त्या खाली उतरल्या, मूल माझ्याकडं दिलं आणि वळून वर हात केला. तो हात धरून शांता उतरली.

आम्ही पायीच निघालो, शांता थोरल्याचं बोट धरून पुढं, मी आणि अक्का मागं. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्या बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"लेकीच्या घरी आईनं जायचं नस्तं म्हंत्यात, म्हनून म्या कदी ग्येलेच न्हाई. आज बघितलं महानंदाचं घर. शांतानं समदं फिरवून दावलं." मग त्यांनी माझ्या कडेवरच्या मुलाचं धुळीनं माखलेलं तोंड पदरानं पुसलं. "चूल चांगल्या जागी हाय रे किसना. खिडकी हाय वर. उजेड यायलाय."